मोबाइलवरून आलेल्या लोकनोंदींवर किती विसंबावे? चार पद्धतींचा तुलनात्मक आढावा

एखादी आपत्ती निवारण यंत्रणा, वाहतूक नियंत्रण कक्ष, पर्यावरणाचा अभ्यास करणारा गट किंवा वृत्तसंस्था लोकांकडून मोबाइलवर माहिती मागवायचे ठरवते, तेव्हा सुरुवातीलाच एक प्रश्न हमखास पुढे येतो: लोक खरे सांगतील का? प्रश्न रास्त आहे, पण निर्णय घ्यायला तो पुरेसा नाही. मुद्दाम खोटे कळवणारे सहसा थोडेच असतात आणि त्यांना ओळखण्याच्या युक्त्याही आहेत. खरी अडचण अशी की पूर्णपणे प्रामाणिक माणसांनी पाठवलेल्या नोंदी एकत्र केल्यावरही चुकीचे चित्र उभे राहू शकते. उलट, एकेकटी नोंद कच्ची असूनही त्या सगळ्यांमधून निघणारा निष्कर्ष भक्कम ठरू शकतो. विश्वासार्हता कळवणाऱ्याच्या स्वभावावर जितकी अवलंबून असते, त्याहून कितीतरी जास्त ती नोंद कशी मागवली, कशाशी ताडून पाहिली आणि कोणत्या क्षणी स्वीकारली यावर अवलंबून असते, असे माझे मत आहे आणि पुढची सगळी तुलना त्याच भूमिकेतून केली आहे.

निवड करणाऱ्यापुढे ढोबळमानाने चार मार्ग असतात. पहिल्यात माणूस स्वतः पाहिलेले किंवा अनुभवलेले कळवतो आणि अशा अनेक नोंदींची गोळाबेरीज केली जाते. दुसऱ्यात माणसाला काही विचारलेच जात नाही, त्याच्या फोनमधले सेन्सर आपोआप माहिती पाठवतात. तिसऱ्यात प्रत्येक नोंद एखादा मध्यस्थ किंवा जाणकार तपासतो आणि मगच ती पुढे जाते. चौथ्यात ही तपासणी इतर वापरकर्तेच करतात, म्हणजे दुजोरा मिळाला तर नोंद टिकते, नाहीतर गळून पडते. प्रत्यक्षातल्या बहुतेक व्यवस्था यांचे मिश्रण असतात, पण मिश्रणात कशाचे प्रमाण किती ठेवायचे हे ठरवण्यासाठी प्रत्येकाची ताकद आणि दुखणे वेगवेगळे पाहणे गरजेचे आहे. ते पाहताना दोन गोष्टी सतत डोळ्यांसमोर ठेवाव्यात. ही माहिती किती वेळात शिळी होते? आणि कोणती चूक अधिक महागात पडते, खरी नोंद हातची सुटणे की खोटी नोंद स्वीकारली जाणे?

माणसाने सांगितलेले आणि फोनने टिपलेले

पहिल्या दोन मार्गांची तुलना करायला भूकंपासारखा दुसरा विषय नाही, कारण तिथे दोन्ही पद्धती एकाच वेळी चालू आहेत आणि दोहोंचे निकाल भूकंपमापकांच्या नोंदींशी ताडून पाहता येतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा ‘डिड यू फील इट?’ हा उपक्रम १९९९ पासून देशभर सुरू आहे. धक्का जाणवलेली व्यक्ती एक प्रश्नावली भरते. तुम्ही घरात होता की बाहेर, झोपेत होता का, उभे राहणे कठीण गेले का, फडताळातल्या वस्तू खडखडल्या की खाली पडल्या, भिंतीवरच्या तसबिरी हलल्या का, भिंतींना तडे गेले का, अशा स्वरूपाचे हे प्रश्न असतात. भूकंपाचा आकडा मात्र कुठेही विचारलेला नसतो. त्या परिसरात धक्का किती तीव्र होता याचा आकडा उत्तरांवरून गणिताने काढला जातो आणि तोही एका व्यक्तीच्या उत्तरावरून न काढता त्या परिसरातल्या सगळ्या उत्तरांच्या सरासरीवरून. २३ ऑगस्ट २०११ रोजी व्हर्जिनियात ५.८ परिमाणाचा भूकंप झाला, तेव्हा एक लाखाहून अधिक लोकांनी अशी उत्तरे पाठवली. त्या भागात भूकंपमापक तुलनेने विरळ असल्यामुळे धक्का कुठवर आणि किती जोराने पोहोचला याचा इतका तपशीलवार नकाशा अन्य मार्गाने मिळणे अवघड होते.

या उपक्रमाचे यश प्रश्नावलीच्या रचनेत आहे आणि कोणत्याही नव्या व्यवस्थेने सर्वांत आधी तीच बाब उचलावी. माणूस साक्षीदार म्हणून चांगला असतो, मोजपट्टी म्हणून नसतो. कप खाली पडला की नाही हे तो सहसा बरोबर सांगतो. ‘धक्का तीव्र होता का?’ याचे उत्तर मात्र त्याच्या भीतीवर, पूर्वीच्या अनुभवावर आणि शेजारी काय म्हणाला यावर ठरते. त्याहून पुढे जाऊन त्याला निष्कर्ष काढायला सांगितले, तर काय होते ते बॉस्टनमध्ये दिसले. १५ एप्रिल २०१३ रोजी तिथल्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाल्यावर लोकांनी काढलेली छायाचित्रे आणि चित्रफिती तपासकर्त्यांच्या खूप उपयोगी पडल्या. पण त्याच छायाचित्रांवरून संशयित कोण हे जमावाने समाजमाध्यमांवर ठरवायला घेतले, तेव्हा घटनेशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसांवर आळ आला. छायाचित्रे तीच होती. लोकांकडून निरीक्षणाऐवजी तर्क स्वीकारला गेला, एवढाच फरक होता.

आता सेन्सरची बाजू पाहू. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २०१६ मध्ये ‘मायशेक’ हे ॲप आणले, तर गूगलने २०२० पासून अँड्रॉइड फोनमध्येच भूकंपाच्या इशाऱ्याची सोय देण्यास सुरुवात केली. फोन टेबलावर स्थिर पडलेला असताना त्यातला प्रवेगमापक जमिनीची थरथर टिपू शकतो. फोन हातात घेतला, खाली पडला किंवा खिशात हलला, तर त्या हालचालीचा आकृतिबंध वेगळा असतो आणि तो गणिताने वेगळा काढता येतो. शिवाय एकाच फोनच्या सांगण्यावर निर्णय होत नाही. एका टापूतल्या अनेक फोनांनी जवळपास एकाच वेळी तसाच संकेत पाठवला, तरच सर्व्हर त्याला भूकंप मानतो. माणूस जागा असण्याची, त्याने ॲप उघडण्याची किंवा त्याच्या शब्दांवर विश्वास ठेवण्याची गरजच उरत नाही. प्रश्नावलीला मिनिटे लागतात, इथे काम सेकंदांत होते, आणि इशारा द्यायचा असेल तर त्या सेकंदांचेच मोल असते.

म्हणून सेन्सर अधिक विश्वासू, असे पटकन वाटते. पण ६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे तुर्कस्तानात झालेला भूकंप ७.८ परिमाणाचा होता. अँड्रॉइड फोनांच्या जाळ्याने तो टिपला, पण घटनेच्या वेळी केलेला अंदाज ४.५ ते ४.९ च्या घरातच राहिला, ही गोष्ट गूगलच्या संशोधकांनी पुढे स्वतःच प्रसिद्ध केली. परिणामी ‘ताबडतोब आसरा घ्या’ अशा अर्थाचा सर्वांत निकडीचा इशारा अगदी मोजक्या फोनांपर्यंत पोहोचला. उलट प्रकारची चूक फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये झाली. भूकंप नसतानाच लोकांना मध्यरात्रीनंतर इशारा गेला आणि कंपनीला माफी मागावी लागली. सेन्सरला खोटे बोलता येत नाही हे खरे, पण त्याच्या संकेताचा अर्थ लावणारे गणित चुकू शकते, आणि ते चुकते तेव्हा एखाद-दुसरा फोन नव्हे, तर संपूर्ण जाळे एकदम चुकते. लाखो माणसे एकाच क्षणी एकाच दिशेने चुकण्याची शक्यता फार कमी असते. लाखो फोनांची मात्र तशी चूक होऊ शकते, कारण त्यांच्यात एकच प्रणाली चालत असते. दोन पद्धतींतला हा फरक सर्वांत महत्त्वाचा असूनही निवडीच्या वेळी त्याचा विचार क्वचितच होतो.

सेन्सरला फसवण्याचा मार्गही वेगळा आहे. २०२० मध्ये बर्लिनमधील कलाकार सायमन वेकर्ट यांनी ९९ जुने फोन एका लहानशा हातगाडीत ठेवले आणि ती जवळजवळ रिकाम्या रस्त्यावरून हळूहळू ओढत नेली. गूगलच्या नकाशावर तो रस्ता कोंडी दाखवणाऱ्या लाल रंगाचा झाला. प्रत्येक फोनने आपला वेग अगदी खरा कळवला होता; एक फोन म्हणजे एक वाहन, हे गृहीतक तेवढे मोडले होते. अशा वेळी माणसाचा एखादा शब्द उपयोगी पडतो. ‘वेझ’सारख्या ॲपमध्ये वेगाची माहिती आपोआप जाते, पण पुढे अपघात झाला आहे, रस्त्यावर काही पडले आहे की काम चालू आहे, हे चालकच कळवतो. वेग मंदावल्याचे फोन सांगतो आणि कारण माणूस सांगतो. दोन्ही जुळले तर नोंद पक्की धरायला हरकत नाही.

स्थानाबद्दलही इथेच बोलून घेतले पाहिजे, कारण जीपीएसचा आकडा सोबत आला की नोंद आपोआप खरी मानण्याची सवय सगळीकडे दिसते. मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोन साधारण पाच मीटरपर्यंत अचूक स्थान देतो. उंच इमारतींच्या दाटीत ही अचूकता घसरते. पण खरा घोटाळा पुढेच आहे. फोन आपली जागा सांगतो, घटनेची नाही. नदीच्या पैलतीरी धूर दिसला म्हणून ऐलतीरावरून कळवणाऱ्याचे निर्देशांक आग लागलेल्या जागेपासून दूरचेच असणार, आणि सुरक्षित ठिकाणी पोहोचल्यावर आठवणीने कळवणाऱ्याचे तर आणखी दूरचे. त्याशिवाय अँड्रॉइडमध्ये बनावट स्थान पुरवण्याची सोय विकासकांसाठी उघडपणे दिलेली आहे. छायाचित्रासोबतची वेळ आणि जागा यांची माहितीही अनेक संदेश ॲपमधून पाठवताना पुसली जाते, त्यामुळे ती नसणे हा खोटेपणाचा पुरावा नव्हे. म्हणून फोनचे स्थान आणि घटनेचे स्थान असे दोन वेगळे रकाने अर्जात असावेत आणि दुसरा रकाना नकाशावर बोट ठेवून भरता यावा. इतक्या साध्या बदलाने पुढची बरीच डोकेदुखी टळते.

आवाज, हवेची गुणवत्ता, किरणोत्सार यांसारखे मोजमाप हवे असेल, तर फोनच्या अंगभूत सेन्सरवर विसंबू नये असाच माझा सल्ला राहील. दोन कंपन्यांच्या फोनांचे मायक्रोफोन एकाच आवाजाला वेगवेगळे आकडे देतात. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर सुरू झालेल्या ‘सेफकास्ट’ या नागरिक उपक्रमाने सर्वांसाठी एकाच धाटणीचे किरणोत्सारमापक वापरले आणि त्यामुळेच वेगवेगळ्या हातांनी घेतलेली मोजमापे एकमेकांशी ताडता आली.

पारखणारा मध्यस्थ की बहुमताचा कौल

नोंद आल्यावर ती कोणी तपासायची, यावर तिसरा आणि चौथा मार्ग वेगळे होतात. मध्यस्थाच्या पद्धतीचे सर्वपरिचित उदाहरण ‘उशाहिदी’ हे आहे. केनियात डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला, तेव्हा लोकांनी संदेशाने किंवा संकेतस्थळावर कळवलेल्या घटना नकाशावर मांडण्यासाठी २००८ च्या सुरुवातीला ही व्यवस्था उभी राहिली. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत ७.० परिमाणाचा भूकंप झाल्यावर तिचाच मोठा प्रयोग झाला. लोकांना ४६३६ या लघुक्रमांकावर मोफत संदेश पाठवता येऊ लागला. संदेश हैतीच्या क्रिओल भाषेत येत आणि जगभर विखुरलेले त्या भाषेचे जाणकार स्वयंसेवक त्यांचे भाषांतर करत.

अशा एका संदेशाचा प्रवास जवळून पाहिला, म्हणजे या पद्धतीचे बळ आणि किंमत दोन्ही कळतात. ढिगाऱ्याखाली माणसे अडकली आहेत, एवढेच कुणीतरी कळवतो; पत्ता म्हणून एका शाळेचे नाव आणि ‘मागची गल्ली’ इतकाच उल्लेख असतो. स्वयंसेवकाने आधी भाषांतर करायचे, मग त्या नावाची शाळा नकाशावर शोधायची. तिथे त्या नावाच्या दोन शाळा निघाल्या, तर संदेशातल्या दुसऱ्या एखाद्या खुणेवरून त्यातली कोणती हे ठरवायचे. त्यानंतर याच घटनेबद्दल आधी नोंद आली आहे का ते पाहायचे, असल्यास दोन्ही जोडायच्या, निकड ठरवायची आणि शेवटी ‘पडताळलेली’ की ‘न पडताळलेली’ अशी खूण करायची. हे काम यंत्र पूर्णपणे करू शकत नाही, आणि माणसाला त्यासाठी वेळ लागतो. संदेशांचा पूर आला की रांग वाढते, थकवा येतो आणि पडताळणी सर्वांत आधी ढिली पडते. तरीही या पद्धतीत एक मोठा गुण आहे. न पडताळलेली नोंद फेकून दिली जात नाही, ती तशी खूण करून दिसत राहते. बचाव पथकासाठी ‘कदाचित’ हाही उपयोगाचा शब्द आहे, फक्त तो ‘नक्की’च्या रंगात दाखवला जाता कामा नये.

बहुमताच्या पद्धतीत असा कोणी मध्यस्थ नसतो. ‘वेझ’मध्ये एखाद्याने अडथळा कळवला की मागून येणाऱ्या चालकांना तो दिसतो, तो अजून तिथे आहे की नाही, हे ते एका स्पर्शाने सांगतात. नकार वाढले किंवा दुजोरा आलाच नाही, तर नोंद आपोआप मावळते. हे इतके सुरळीत चालते याचे कारण रस्त्याच्या स्वभावात आहे. त्याच जागेवरून काही मिनिटांत दुसरा माणूस जाणार असतो, त्याला तीच गोष्ट डोळ्यांनी दिसणार असते, आणि खोटी नोंद काही मिनिटे टिकली तरी नुकसान मर्यादित असते. कोसळलेल्या इमारतीत असे मागून येणारे कोणी नसते. म्हणून वाहतुकीच्या ॲपचे यश पाहून तीच रचना आपत्तीत वापरण्याचा मोह टाळलाच पाहिजे.

निसर्गनिरीक्षणात हे दोन्ही मार्ग एकमेकांच्या शेजारी पाहायला मिळतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेने ऑडुबॉन सोसायटीसोबत २००२ मध्ये सुरू केलेले ‘ईबर्ड’ जाणकार परीक्षकांवर चालते. प्रत्येक प्रदेशासाठी, वर्षातल्या काळानुसार, कोणता पक्षी किती संख्येने दिसणे अपेक्षित आहे याची मर्यादा आधीच ठरवलेली असते. निरीक्षकाने त्या मर्यादेबाहेरची नोंद टाकली की ॲप तिथल्या तिथे थांबून तपशील मागते: पक्षी कसा दिसला, तसाच दिसणारा दुसरा पक्षी कशावरून नव्हे, छायाचित्र आहे का. मग स्थानिक परीक्षक ती नोंद पाहतो आणि गरज पडल्यास निरीक्षकाला लिहून विचारतो. नोंद मान्य झाली नाही, तर ती निरीक्षकाच्या स्वतःच्या यादीत राहते, पण सार्वजनिक नकाशात जात नाही. कोणाचा अपमान नाही आणि माहितीही बिघडत नाही. लोकनोंदींच्या व्यवस्थांमध्ये मला ही रचना सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते.

‘आयनॅचरलिस्ट’ मात्र समुदायाच्या कौलावर चालते. तारीख, जागा आणि छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण असलेल्या नोंदीला ओळख देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक लोक प्रजातीच्या नावावर एकमत झाले, की ती संशोधनयोग्य दर्जाची ठरते. पुरावा नोंदीसोबतच जोडलेला असल्यामुळे जगातला कोणताही जाणकार तो नंतर कधीही पुन्हा तपासू शकतो, आणि हा फायदा मोठा आहे. पण दोन माणसांचे एकमत एवढ्यावरही दर्जा मिळू शकतो, आणि दुसऱ्याने खरोखर ओळख पटवली की पहिल्याचे नाव वाचून ‘सहमत’ दाबले, हे बाहेरून कळत नाही.

‘ईबर्ड’ दुर्मिळ नोंदीवरच इतकी कडक का असते, याचे उत्तर साध्या गणितात आहे. एक निरीक्षक ओळखण्यात १०० पैकी ९८ वेळा बरोबर असतो असे धरू. हजार पक्ष्यांत एकच दुर्मिळ जातीचा असेल आणि चुकलेल्या प्रत्येक ओळखीत नेहमीच्या पक्ष्यालाच दुर्मिळ समजले गेले, तर खऱ्या एका नोंदीसोबत सुमारे वीस चुकीच्या नोंदी येतील. म्हणजे ९८ टक्के अचूक माणसाच्याही दुर्मिळ नोंदींपैकी सुमारे एकविसातली एकच खरी ठरण्याची वेळ येऊ शकते. हे उदाहरण टोकाचे आहे, पण त्याचा बोध पक्ष्यांपुरता नाही. धरणाला तडा, रस्त्यावर गोळीबार, पाण्यात विष अशा दुर्मिळ घटनांच्या नोंदींना नेहमीच्या नोंदींपेक्षा अधिक पुरावा मागणे म्हणजे कळवणाऱ्यावर अविश्वास दाखवणे नव्हे.

स्वतंत्रतेचा हिशेब

अनेकांनी कळवले म्हणजे खरे असणार, या विश्वासाला गणिताचा आधार आहे, पण तो अटींसह आहे. फ्रेंच विचारवंत कोंदोर्से यांनी १७८५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, प्रत्येक माणूस निम्म्याहून अधिक वेळा बरोबर असेल आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे मत देत असेल, तर संख्या वाढेल तसे बहुमत बरोबर असण्याची शक्यता वाढत जाते. प्रत्येकी ७० टक्के बरोबर असणारी पाच माणसे घेतली, तर त्यांचे बहुमत सुमारे ८४ टक्के वेळा बरोबर येते. पण तीच पाच माणसे प्रत्येकी ४० टक्केच बरोबर असतील, अंधारात किंवा धुरात काय दिसले हे सांगत असतील, तर बहुमत फक्त ३२ टक्के वेळा बरोबर ठरते, म्हणजे एकट्यादुकट्याच्या मतापेक्षाही वाईट. आणि पाचही जणांनी एकाचाच संदेश पुढे ढकलला असेल, तर पाच नोंदींची किंमत एका नोंदीइतकीच राहते.

मोबाइलवर ही तिसरी परिस्थिती सर्रास असते. पूल खचल्याच्या चाळीस नोंदी आल्या आणि त्यांतल्या बहुतेकांना एकच छायाचित्र जोडलेले असेल, तर हाती एकच साक्षीदार आहे असे धरावे. याउलट तीनच नोंदी आल्या, पण एक पुलाच्या अलीकडून, एक पलीकडून आणि एक खालच्या काठावरून, वेगवेगळ्या कोनांतून काढलेल्या छायाचित्रांसह आल्या, तर त्यांचे वजन चाळिसांहून अधिक आहे. म्हणून इतरांनी काय कळवले हे नोंद पाठवण्याआधी दाखवू नये. नकाशावर आधीच्या खुणा पाहून नवी खूण करणारा माणूस साक्षीदार राहत नाही, तो दुजोरा देणारा होतो. मुद्दाम केलेल्या हल्ल्याचा धोकाही इथेच येतो, कारण एकच माणूस अनेक खाती उघडून बहुमताचा आभास निर्माण करू शकतो आणि ओळखीची खात्री करणारी कोणतीही मध्यवर्ती सोय नसेल, तर हे पूर्णपणे रोखता येत नाही. ‘एक्स’वर (पूर्वीचे ट्विटर) पोस्टखाली वापरकर्त्यांनीच खुलाशाच्या टिपा जोडण्याची ‘कम्युनिटी नोट्स’ ही सोय आहे; तिने यावर वेगळा उपाय केला आहे. तिथे नुसती मते मोजली जात नाहीत. एरवी ज्यांचे पटत नाही अशा लोकांनी एखादी टीप उपयुक्त म्हटली, तरच ती सर्वांना दिसते. आणखी जुना मार्ग संख्याशास्त्रात आहे. डेव्हिड आणि स्कीन यांनी १९७९ मध्ये दाखवलेल्या पद्धतीने, खरे उत्तर माहीत नसतानाही, अनेकांच्या अनेक नोंदींमधल्या मेळ-बेमेळावरून प्रत्येक निरीक्षक किती चुकतो याचा अंदाज काढता येतो. त्यासाठी एकाच माणसाच्या पुष्कळ नोंदी हाताशी लागतात, त्यामुळे दीर्घकाळ चालणाऱ्या उपक्रमात ती शोभते; एका रात्रीच्या आपत्तीत तिचा उपयोग नाही.

नाव, निनावीपण आणि मोबदला

ओळखीची सक्ती केली की बनावट नोंदी घटतात, पण ज्यांच्या नोंदी सर्वांत मोलाच्या असतात तेच लोक गप्प बसतात. हिंसाचार, भ्रष्टाचार किंवा छळ कळवणाऱ्याकडे नाव मागणे म्हणजे त्याला धोक्यात ढकलणे आहे. माझा कल मधल्या मार्गाकडे आहे: खरे नाव नको, पण टोपणनावाचे खाते टिकून राहावे आणि त्याच्या मागील नोंदींचा इतिहास वजनात धरला जावा. नव्या खात्याची नोंद नाकारू नये, फक्त तिला दुजोरा लागेल असे ठेवावे.

मोबदल्याबाबत मात्र माझे मत ठाम आहे. प्रत्येक नोंदीमागे पैसे देऊ नयेत. ५ डिसेंबर २००९ रोजी अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने देशभर दहा लाल फुगे उभारून ते सर्वप्रथम शोधणाऱ्याला ४०,००० डॉलरचे बक्षीस ठेवले होते. एमआयटीच्या चमूने नऊ तासांच्या आत सर्व फुगे शोधले. फुगा शोधणाऱ्याला २,००० डॉलर, त्याला सहभागी करून घेणाऱ्याला १,०००, त्याच्याही आधीच्याला ५०० अशी त्यांची वाटणी होती. माणसे जोडायला ती अफलातून ठरली, पण चढाओढीत खोट्या नोंदी आणि बनावट छायाचित्रेही आली आणि ती गाळण्यासाठी चमूला वेगळी मेहनत घ्यावी लागली. पैसा द्यायचाच असेल, तर तो खऱ्या ठरलेल्या नोंदीवर द्यावा आणि ती खरी ठरवणारा पुरावा बाहेरचा असावा.

जिथून काहीच आले नाही

आलेल्या नोंदींची छाननी करताना न आलेल्या नोंदींचा विसर पडतो, आणि चारही पद्धतींचा हा समान दुबळेपणा आहे. मोठ्या भूकंपानंतर लोकनोंदींच्या नकाशावर पुष्कळदा मधोमध पोकळी दिसते. सर्वांत जास्त हानी झालेल्या जागी वीज नसते, नेटवर्क नसते, आणि माणसे फोन हातात घेण्याच्या अवस्थेत नसतात. नकाशा वाचणाऱ्याने त्या पोकळीला ‘काही झाले नाही’ असे समजले, तर मदत चुकीच्या जागी जाईल. बॉस्टन शहराने रस्त्यातले खड्डे फोनच्या प्रवेगमापकाने टिपणारे ‘स्ट्रीट बम्प’ हे ॲप आणले, तेव्हाही हीच अडचण पुढे आली. स्मार्टफोन आणि गाड्या ज्या वस्त्यांत जास्त, तिथलेच खड्डे जास्त दिसणार होते. प्रत्येक नोंद खरी आणि एकूण चित्र खोटे, असे इथे घडू शकते.

यावर ‘ईबर्ड’ची एक छोटीशी चौकट मला फार मोलाची वाटते. यादी पाठवताना निरीक्षकाला विचारले जाते की, ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही नोंदवले आहेत का? ‘होय’ म्हटले की यादीत नसलेला पक्षी त्या निरीक्षकाला तिथे आढळला नाही, अशीही माहिती मिळते. आपत्तीच्या किंवा नागरी सुविधांच्या ॲपमध्ये ‘मी इथे आहे आणि सगळे ठीक आहे’ असे कळवण्याची सोय याच धर्तीवर ठेवता येते. ती असली की शांतता आणि सुरक्षितता यांत फरक करता येतो.

निवड करताना

इशारा काही सेकंदांत द्यायचा असेल, तर सेन्सरला पर्याय नाही. मात्र अंदाज कमी निघण्याची आणि खोटा इशारा जाण्याची शक्यता धरून, त्याच्या मागोमाग माणसांच्या नोंदी आणि शक्य असेल तिथे स्थिर उपकरणांची मोजमापे जोडावीत. माहिती काही मिनिटांत शिळी होत असेल आणि त्याच जागेवरून इतर लोक सतत जात असतील, तर वापरकर्त्यांचा दुजोरा स्वस्तही आहे आणि पुरेसाही. घटना एकदाच घडणारी असेल, खरी नोंद सुटली तर जीव जात असतील आणि दुजोऱ्याची वाट पाहता येत नसेल, तर मध्यस्थ नेमावेत, न पडताळलेली नोंदही खुणेसह पुढे पाठवावी आणि नोंदींचा पूर येण्याआधीच त्या मध्यस्थांची संख्या व पाळ्या ठरवून ठेवाव्यात. ऐन वेळी जमवलेले स्वयंसेवक उत्साही असतात, पण जागांची नावे आणि स्थानिक बोली यांची जाण एका दिवसात येत नाही. वर्षानुवर्षांचा अभ्यास करायचा असेल, तर घाई कशाचीच नसते, तेव्हा जाणकार परीक्षक, जोडलेला पुरावा आणि निरीक्षकाचा इतिहास या तिन्हींवर भर द्यावा. आणि नोंदीमुळे एखाद्या व्यक्तीवर ठपका येणार असेल, तर कितीही लोकांनी तेच म्हटले तरी ती जमावाच्या कौलावर प्रसिद्ध करू नये, स्वतंत्र तपास करणाऱ्याकडे सोपवावी. या शेवटच्या बाबतीत मला दुसरी बाजू दिसतच नाही.

पद्धत कोणतीही निवडली, तरी तिचा कस लावण्याची तरतूद पहिल्या दिवसापासून हवी. स्वीकारलेल्या नोंदींमधून काही नोंदी चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि जागेवर जाऊन तपासाव्यात, हे बहुतेकांना सुचते. नाकारलेल्या नोंदींचेही तसेच करावे लागते, आणि ते सहसा राहून जाते. गाळणी कडक आहे म्हणून स्वीकारलेल्या नोंदी शुद्ध दिसतात, पण तिने किती खरी माणसे परत पाठवली हे दुसऱ्या तपासणीशिवाय कळत नाही. अंदाजपत्रक करताना या दोन्ही फेऱ्यांसाठी माणसे आणि वेळ वेगळा काढून ठेवावा. तेवढी तरतूद जमणार नसेल, तर उपक्रमाचा आवाका लहान ठेवावा: एक भाग, एक प्रकारची घटना, मोजकेच प्रश्न.